निवळायला ठेवलेला रस

"मावशी, आलं ताजं आहे का?"

बारीक पाऊस पडत होता. आमच्या बोंगदोंग गावच्या बाजारात ताडपत्रीखाली मी माझं आलं मांडून बसले होते, आणि समोर एक माणूस वाकून उभा होता. टोपीखालचे केस माझ्यापेक्षा पांढरे.

"मावशी कोणाला म्हणता? घरातून निघताना आरशात बघितलं होतंत ना?"

तो सरळ उभा राहिला. हसला. टोपीच्या कडेवरचं पाणी टपकन माझ्या आल्यावर पडलं.

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. घ्यायचं तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा. गिऱ्हाइकाला आलं दिसू द्या."

त्यानं आलं घेतलं नाही. पिशवीतून एक पातेलं काढलं आणि माझ्यासमोर धरलं. बुडाला काळंकुट्ट जळलेलं, वर पिवळट, चिकट काहीतरी.

"हा पाक आहे," तो म्हणाला. "आल्याचा. गरम पाण्यात घालून प्यायचा. म्हणजे... असायला हवा होता."

"असं होय. मला वाटलं, बूट चिकटवायला आणलाय."

आजूबाजूच्या बायका खिदळल्या. दुसरा कोणी असता तर पातेलं झाकून निघून गेला असता. हा तिथंच उकिडवा बसला.

"आलं वाटलं, साखर घातली, चुलीवर ठेवलं. चुकलं कुठं?"

"रस पिळून निवळू दिला नाहीत?"

"निवळू म्हणजे?"

"थांबायचं. तळाशी पांढरं पीठ बसतं, ते बसेपर्यंत थांबायचं."

"बाई, मी चाळीस वर्षं गुन्सान शहरात बस चालवली. थांबायचं म्हणजे स्टॉपवर, एवढंच मला येतं."

मग सांगितलं त्यानं. बायको दर वर्षी पानगळीच्या दिवसांत हा पाक करायची. दोन वर्षांपूर्वी गेली. मागे सात बरण्या राहिल्या होत्या. त्यानं चमचा चमचा पुरवून वापरल्या. शेवटची गेल्या आठवड्यात संपली.

मी त्याला चांगलं आलं देऊन वाटेला लावायला हवं होतं. पण जीभ माझी. ती मला विचारून कधीच चालत नाही.

"पुढच्या बाजाराला या. दुपारी. माझं घर विचारलंत तर कोणीही दाखवेल, यांग पिलसुन म्हणायचं. आणि ते पातेलं घासून आणा. असलं भांडं मी माझ्या चुलीवर ठेवू देत नाही."

आमचा बाजार दर पाचव्या दिवशी भरतो. ते पाच दिवस मी स्वतःला शिव्या घातल्या.

का बोलावलं? सांगते. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा दोक्सू जॉन्जू शहरात अकराव्या मजल्यावर राहतो. मुलगा चांगला आहे, सूनही वाईट नाही, फक्त भातात पाणी कमी घालते. दोघं दर हिवाळ्यात म्हणायची, "आई, इकडे या." दर हिवाळ्यात मी म्हणायची, "मी म्हातारी झाले की येईन." मग या वर्षी एकदा पोस्टमननं दारातून विचारलं, "काय बाई, बरं आहे ना?" आणि मी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. खरखर झाली नुसती. मोजलं, तर तीन दिवसांत मी एक शब्द बोलले नव्हते. मी! जिच्या तोंडाला अख्खा बाजार घाबरतो, ती!

त्याच संध्याकाळी दोक्सूला होकार कळवला. डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी तो गाडी घेऊन येणार, असं ठरलं.

तर असे दिवस होते ते.

तो आला. ह्वांग मानबोक त्याचं नाव. पातेलं असं लख्ख घासलेलं की त्यात माझं नाक दिसलं. मी त्याला अंगणात बसवलं, टोपलीभर आलं पुढ्यात ओतलं आणि हातात चमचा दिला.

"सुरी नाही?"

"सुरीनं निम्मं आलं सालाबरोबर जातं. आधी सांध्यावर मोडा, माती तिथं दडून बसते. मग चमच्याच्या कडेनं खरवडा. हळू. बसचा ब्रेक नाही दाबायचा."

"ब्रेकपण हळूच दाबायचा असतो, बाई."

किसलं, फडक्यात बांधलं, पिळलं. त्याच्या मनगटात जोर होता. पिवळा, झणझणीत रस परातीत उतरला आणि दोघांचेही डोळे पाणावले. आल्यानं. मी रस झाकून ठेवला.

"आता?"

"आता बसायचं. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, झाकण उघडून बघायचं नाही."

बसलो. पाऊस थांबलेला. झाडावर वरच्या फांदीला पक्ष्यांसाठी सोडलेली पाच-सहा पर्सिमनची फळं लाल लटकत होती. तो त्याच्या बसबद्दल बोलला. मी माझ्या सासूबद्दल बोलले, म्हणजे वाईटच बोलले. इतकं बोलले की घसा दुखला. किती दिवसांनी दुखला!

दिवस कलताना झाकण काढलं. खाली पांढरं पीठ घट्ट बसलेलं, वर रस मधासारखा स्वच्छ. आता परात तिरकी करून नुसता वरचा रस ओतायचा. इथंच सगळ्यांचा हात हलतो आणि पीठ वर येतं.

"द्या इकडे," तो म्हणाला.

"सांडाल."

"वळणावर म्हातारी उभी असली तरी तिचा तोल जाऊ नये अशी गाडी चालवलीय मी. द्या."

आणि खरंच... त्या हातांनी परात अशी तिरकी केली, की रसाला कळलंसुद्धा नाही आपण ओतले जातोय ते. मी हातांकडे बघत राहिले. मग लक्षात आलं, तो माझ्याकडे बघतोय. मी पटकन चुलीत लाकूड सारलं.

साखर आणि तांदळाचा पाक घालून, लाकडी उलथन्यानं ढवळत ढवळत आटवलं. बारीक बुडबुडे मोठे झाले, तसं उतरवलं. एक चमचा गरम पाण्यात, वर चिलगोजे. त्यानं घोट घेतला, डोळे मिटले.

"कसा आहे?"

"छान आहे." मग हळूच, "पण तिच्यासारखा नाही."

"मग तिच्याकडेच जा मागायला!"

बोलून गेले. त्याचा पेला तोंडाशी तसाच राहिला. माफी मागायची मला सवय नाही.

तो एकदम मोठ्यानं हसला. "तिथली बस अजून माझ्या वेळापत्रकात नाही, पिलसुनबाई."

बरणी घेऊन गेला. परत येणार नाही, असं मी धरून चालले. पाचव्या दिवशी दारात उभा.

"आता काय?"

"तिचा विसरलो नाही," तो म्हणाला. "पण तुमचा संपला."

"पाच दिवसांत अख्खी बरणी? माणूस आहात की घोडा?"

"शेजाऱ्यांना पाजला. लवकर संपावा म्हणून."

मी टोपली पुढे केली.

असे पाच-सहा बाजार गेले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्यानं आपला नंबर लिहून ठेवला, "लागला तर" म्हणून. मी एकदाही फिरवला नाही. मधले चार दिवस आधीपेक्षा लांब झाले होते, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या रविवारबद्दल त्याला सांगितलं, तेव्हा तो फक्त "हं" म्हणाला आणि आलं खरवडत राहिला. एकाच तुकड्याला साल संपल्यावरही खरवडत राहिला.

शनिवारी बाजार होता. दुसऱ्या दिवशी दोक्सू येणार. रस पिळून निवळायला ठेवला, आणि मी भुयाराची फळी उचलली.

आमच्याकडे बियाण्याचं आलं घरातच असतं, निजायच्या खोलीखाली खणलेल्या भुयारात. चुलीची ऊब फरशीखालून फिरते. वर माणूस निजतं, खाली आलं. चूल विझली तर वरचं माणूस कुडकुडेल एवढंच, पण खालचं आलं मरेल. मी जाणार म्हणून सगळं बियाणं काढून पुतण्याला द्यायचं होतं. सासूच्या हातचं बियाणं ते.

मी मेणबत्ती दोरीला बांधून खाली सोडली. बंद जागेत आलं हवा खाऊन टाकतं, ज्योत विझली तर उतरायचं नाही. ज्योत तेवत होती. मी कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक खांबाला.

"हे काय?" मानबोक म्हणाला.

"खाली गेलेल्यानं बोलत राहायचं असतं. आवाज बंद झाला की वरच्यानं दोर ओढायचा. आधी नवरा धरायचा. मग शेजारची ओकबुन. ती चार वर्षांपूर्वी वृद्धाश्रमात गेली."

"आणि आता?"

"आता खांब."

"खांब ओढतो का?"

"खांबाला ऐकूही येत नाही. तरी मी बोलते. रीत आहे."

त्याचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघितलं. त्यानं खांबाचा दोर सोडला आणि स्वतःच्या मनगटाला दोन वेढे दिले.

"उतरा. आणि बोला."

मी उतरले. खाली ऊब, ओल्या मातीचा वास, अंधारात मेणबत्ती. मी टोपलीत आलं भरत बोलत राहिले. मुळ्याचे भाव बोलले, सुनेचे नवे कुरळे केस बोलले, त्याच्या टोपीला नावं ठेवली. वरून हसू यायचं. "अजून बोला." चार वर्षांनी त्या भोकातून कोणी उत्तर देत होतं.

मग त्याचा आवाज बदलला.

"पिलसुनबाई... एक विचारू?"

"विचारा. इथून पळून कुठं जाणार मी?"

"उद्या जाऊ नका." थोडं थांबून, "मी इथं येतो. गावात खोली घेतो, नाहीतर... सकाळी तुमची चूल मी पेटवीन. बियाणं खालीच राहू दे. तुम्हीही राहा. माझ्याबरोबर. म्हणजे... चालेल का?"

माझ्या हातात आल्याचा एक तुकडा होता. मी त्याच्याकडे बघत बसले. छातीत असं काहीतरी होत होतं, जे मला वाटलं होतं बायकांना विसाव्या वर्षी होतं आणि मग संपतं. लोक काय म्हणतील? दोक्सू काय म्हणेल? आणि हा माणूसही उद्या गेला तर? एकदा रिकामं झालेलं घर सहन केलं. परत करता येईल? मी उत्तर शोधत होते...

कमरेला जोरात हिसका बसला. मी गुडघ्यावर आपटले.

"पिलसुनबाई! बोला! बोला!"

मी तोंड उघडेपर्यंत शिडीवर बूट धडधडले, आणि तो खाली. रस ओतताना केसाएवढेही न हललेले ते हात माझ्या खांद्यांवर थडथड उडत होते.

"तुम्ही खाली का आलात?" मी ओरडले. "वरच्यानं कधीच उतरायचं नसतं! आता वर कोण आहे? दोघंही मेलो असतो!"

"तुम्ही गप्प झालात."

"माणूस विचार करत असतं!"

"इथं विचार नाही करायचा," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते त्याचे. "तीपण अशीच गप्प झाली होती. मी बाहेरच्या खोलीत होतो. मला वाटलं, झोपलीय."

मेणबत्ती सरळ तेवत होती. आम्ही एकमेकांसमोर उभे होतो, डोकं वाकवून, कारण छत बुटकं. मी त्याचा हात धरायला हवा होता. मी म्हटलं, "टोपली उचला."

वर आल्यावर त्यानं टोपली भिंतीशी ठेवली. कपडे झटकले.

"माझं चुकलं. खाली अडकलेल्या माणसाला असलं विचारायचं नसतं. तुमचा मुलगा चांगला आहे. तुम्ही जा." टोपी घातली. "उत्तर नको मला. सांभाळून राहा."

फाटक वाजलं. मी "बरं" एवढंच म्हटलं. बघा माझी जीभ! आयुष्यभर नको तिथं धावली, आणि त्या दिवशी लाकडासारखी पडून राहिली.

घरात कोणी नव्हतं. अकरा वर्षं नव्हतंच, पण त्या संध्याकाळी ते दिसत होतं. दोन पाट. दोन चमचे. एकाला त्याच्या हातची साल चिकटलेली.

रस निवळला होता. काहीतरी करायचं म्हणून मी परात उचलली. हात हलला. तळाचं पांढरं भसकन वर आलं आणि सगळा रस दुधासारखा गढूळ झाला. एवढ्या वर्षांत माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं.

मी परात खाली ठेवली. हात पुसले. चष्मा शोधला. दिनदर्शिकेवरचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचत फिरवला.

"हॅलो?"

आता काय बोलायचं, ते ठरवलंच नव्हतं.

"पोचलात का?" मी विचारलं.

"पोचलो?" तो गोंधळला. "पिलसुनबाई, बस अजून सुटलीसुद्धा नाही. आत्ता येऊन बसलो मी."

पलीकडे इंजिन सुरू झाल्याची घरघर आली. कोणीतरी दार लावायला सांगत होतं. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"का हो... काय झालं? बोला ना. ऐकू येतंय का? पिलसुनबाई?"

"येतंय," मी म्हटलं. "उतरा. दोक्सूला उद्या काय सांगायचं, ते मला एकटीला सुचत नाहीये."