सरजाच्या लग्नात न गेलेली सिंधु

"पाणी मिळंल का?"

चैत्रातली दुपार. नांदेडात वजिराबादच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सिंधुनं मान वर न करताच माठातून गलास भरला आणि वडिलांच्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवरून पुढे सरकवला.

"एवढ्यानं न्हाई भागायचं."

"मग? तांब्या देऊ?"

"दीड तास पाहिजे... वाहतं पाणी."

आता मात्र तिनं मान वर केली. समोर उभा होता एक उंच, सडपातळ पोरगा. केसांवर एस.टी.तली सगळी धूळ, खांद्याला कॅमेरा आणि हातात ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं. गाठोड्याला वास हायपोचा! फोटो पक्का करायच्या त्या औषधाचा वास सिंधु लहानपणापासून ओळखायची. दुसऱ्या पोरींच्या अंगाला अत्तराचा वास येतो, हिच्या बोटांना हायपोचा यायचा.

"फोटो न धुता आणलेत?" ती जवळजवळ ओरडलीच. "दोन महिन्यांत पिवळे पडतील ना!"

"म्हणून तर आलो. लातुरात आमच्या गल्लीला आठवड्याला एक टँकर. माणशी दोन हंडे. त्यात प्यावं का फोटो धुवावेत, सांगा तुम्हीच."

त्याचं नाव सिद्धराम. मूळचा उदगीरचा. लातूर नवा जिल्हा झाला, आता साहेब येतील, कचेऱ्या येतील, लग्नं वाढतील, म्हणून हा हौसेनं तिथं स्टुडिओ टाकून बसला. साहेब आले, कचेऱ्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही.

आतून सिंधुचे वडील, वीरण्णा, बनियनवरच बाहेर आले. सिद्धरामनं वाकून "शरणार्थ अण्णा" केलं आणि सगळी हकिकत सांगितली. वीरण्णांनी गाठोडं उघडून दोन फोटो उजेडाकडे धरले, "हं" केलं आणि म्हणाले, "हात बरा हाय पोराचा. सिंधु, नळ चालू हाय तोवर धुऊन दे."

झालं! बी.ए. होऊन घरी बसलेली, म्हणजे खरं तर डार्करूममध्ये बसलेली, बावीस वर्षांची सिंधु अंगणातल्या हौदाशी गेली आणि तिच्या मागोमाग तोही.

"फोटो उलटेपालटे करत राहायचं," ती शिकवायच्या सुरात म्हणाली. "एकमेकाला चिकटू द्यायचे नाहीत."

"हाव. एकमेकाला चिकटू द्यायचे न्हाईत," तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

सिंधुच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उन्हानंच असेल म्हणा!

त्यानंतर दर गुरुवारी सकाळच्या लातूर-नांदेड गाडीनं सिद्धराम यायला लागला. आधी नुसते फोटो धुवायला. मग रोलही इथंच धुऊ लागला. मग रोल सिंधुच धुऊ लागली आणि तो बाहेर वीरण्णांशी गप्पा मारत बसू लागला... कान मात्र डार्करूमच्या दाराला.

"नवरदेवाचं नाक एवढं मोठं कशाला घेतलं?" ती आतून विचारायची.

"मी न्हाई घेतलं. त्याच्या आईनं दिलंय."

एका गुरुवारी ती अंगणात तारेवर फोटो वाळत घालत होती. पांढरी ओढणी, कोपरापर्यंत ओले हात, तोंडात चिमटा. खट्! तिनं झटकन वळून पाहिलं. सिद्धराम कॅमेरा डोळ्याला लावून उभा.

"काय करून राहिलात?"

"लेन्स तपासून राहिलो. नवी हाय."

"रोल हाय त्यात?"

"छे! रिकामा हाय."

"मग तपासा," ती म्हणाली आणि ओढणी सारखी केली. रिकाम्या कॅमेऱ्यासमोर ओढणी कशाला सारखी करायची, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. तास-दीड तास लेन्स तपासणं चाललं होतं. खट्... खट्... खट्...

मे महिन्यात सिद्धरामला पहिलं मोठं काम मिळालं. लातूरच्या नव्या कचेरीतले शिपाई केरबा, त्यांच्या लेकीचं, सरजाचं लग्न. मुलगा कंधारचा, व्यंकटी. लग्न बौद्ध पद्धतीनं. दोघं पांढऱ्या कपड्यांत, मागं निळा पडदा, त्रिशरण-पंचशील, फुलांचे हार. थाट नव्हता, पण गर्दी अशी, की सिद्धरामचे तीन रोल संपले. दुसऱ्याच दिवशी तो नांदेडला हजर!

"जपून हां," त्यानं तिन्ही डब्या तिच्या तळहातावर ठेवल्या. "ह्या लग्नावर माझं लातुरातलं नाव ठरणार हाय."

दोन रोल छान निघाले. तिसरा तिनं औषधातून काढून लाल दिव्यापाशी धरला आणि पुन्हा डोळ्यांजवळ नेला. प्रत्येक चौकटीत दोन-दोन चित्रं! तिनं घाईघाईनं कागदावर त्यांची छाप काढली. कागद औषधात हलत होता, हळूहळू चेहरे वर येत होते. सरजा आली, व्यंकटी आला आणि त्यांच्या मागं, निळ्या पडद्यावर... सिंधु!

चिमटा तोंडात धरलेली सिंधु. हसणारी सिंधु. ओढणी सारखी करणारी सिंधु. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत सिंधु!

रिकामा म्हणे!

तिला इतकं हसू आलं, की तिनं ओल्या हातानंच तोंड दाबलं. कुणीतरी आपल्याकडे एवढं बघतं? आपण अशा दिसतो? आपल्या मानेवर तीळ आहे, हे तिला आज कळलं!

हा आनंद टिकला अर्धं मिनिट. मग तिची नजर फोटोतल्या काळ्या कोटाकडे गेली.

ती दार उघडून बाहेर आली. "अप्पा, चहा सांगून येता का?"

वीरण्णांनी दोघांकडे पाहिलं, चपला घातल्या आणि गेले. सिंधुनं ओली छाप सिद्धरामच्या पुढ्यात धरली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. आधी तो लाजला, मग घाबरला. दोन्ही एकाच चेहऱ्यावर!

"रोल संपला, की बाहेर राहिलेलं टोक दुमडून ठेवतात," सिंधु म्हणाली. "म्हणजे वापरलेला कळतो. हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"त्या दिवशी... तुम्ही सरबत घेऊन आल्या. घाईत खिशात टाकला. टोक दुमडायचं राहिलं." तो खाली बसला. "आता सांगतो त्यांना, रोलला उजेड लागला. जळाला. सगळे असंच सांगतात."

"आणि सगळं फेकून द्यायचं?"

"मग काय दाखवायचं? त्यांच्या लग्नात तुम्ही?"

सिंधु त्याच्यासमोर उकिडवी बसली. "नीट बघा. नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत आहेत. पांढऱ्यावर मी उमटलेच नाही. मी दिसते ती फक्त अंधाऱ्या जागी, पडद्यावर. छापताना त्या दोघांवर पुठ्ठा धरते, पडद्याला जास्त उजेड देते. पडदा काळा होईल, मी बुडून जाईन."

"तुम्ही... स्वतःला पुसणार?"

"लग्न सरजाचं हाय," ती म्हणाली. जरा जास्तच ताठ आवाजात.

"पण हे कोण? काळ्या कोटवाले?" तिनं फोटोवर बोट ठेवलं.

सिद्धरामनं छाप जवळ ओढली. मग म्हणाला, "केरबाकाका. सरजाचे वडील."

सिंधु मघाशी तिथंच थबकली होती. काळ्या कोटावर तिचे हात आले होते आणि तिनं तारेवर घातलेला ओला पांढरा कागद नेमका केरबांच्या तोंडावर! ह्या फोटोत कागद, त्या फोटोत कागद. ते पुसायची युक्ती जगात कुणाकडे नव्हती.

"दुसऱ्या दोन रोलांत असतील ना ते?"

"न्हाईत. सकाळपासून टँकरच्या मागं पळत होते. पाहुण्यांना पाणी कमी पडू नये म्हणून. लग्न लागायच्या वेळेला उसना कोट चढवून आले, तेवढेच फोटो."

वीरण्णा चहा घेऊन कधी परत आले, दोघांनाही कळलं नाही. त्यांनी ओली छाप उचलली, चष्मा वर केला. एक फोटो, दुसरा, तिसरा. सिंधुला वाटलं, आता आपली डार्करूम बंद.

"हात बरा हाय म्हणलो होतो," वीरण्णा शेवटी म्हणाले. "डोकं जाग्यावर न्हाई, हे नव्हतं दिसलं."

"अण्णा, मी..."

"जळाला म्हणून सांगायचं न्हाई. लोकांच्या घरचं लगीन हाय. तोंड दाखवायचं, खरं बोलायचं. परवा तिघं जाऊ."

सिंधुनं दोन दिवस पुठ्ठे कापले. एका डोक्याएवढं भोक, दोन डोक्यांएवढं भोक. स्वतःचे चेहरे एकामागून एक काळ्यात बुडवले. बावीस फोटो सुटले! शनिवारी लातूरच्या गाडीत वीरण्णा दोघांच्या मधे बसले. चार तास. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत तर ते झोपलेसुद्धा, पण सरळ, भिंतीसारखे.

सरजा माहेरी आली होती, व्यंकटी न्यायला आला होता. केरबांच्या आई सुमनबाईंनी पाटावर बसवलं. "जयभीम, बसा बसा. अगं सरजे, फोटोवाले आले!"

अल्बमची काळी पानं उलटू लागली. प्रत्येक फोटोवर झुळझुळीत कागद. सुमनबाई एकेक कागद असा उचलत होत्या, जणू खाली कुणी झोपलंय. "ही बघ माझी नात! आणि हा आमचा जावई, डोळे मिटून बसलाय."

"ऊन होतं आजी," व्यंकटी पुटपुटला.

"उनात लगीन लागलं, उनात डोळे मिटले. संसारात तेवढे उघडे ठेव."

सगळे हसले. सरजा शेवटच्या पानापर्यंत गेली. मग परत पहिल्या पानावर आली.

"बाबा कुठायत?"

सिद्धरामनं पिशवी जवळ ओढली.

"हा अल्बम कंधारला जाणार," सरजा म्हणाली. "घरोघर फिरणार. बायका विचारतील, तुझे वडील कोणते? काय दाखवू मी? लग्नातही त्यांना कुणी धड बघितलं न्हाई."

सिद्धरामनं पिशवीतून छाप काढली, केरबांसमोर ठेवली आणि हात जोडले. टोक दुमडायचं राहिलं, वापरलेला रोल पुन्हा घातला, सगळं सांगितलं. जळाल्याचं सांगून सुटलो असतो, हेसुद्धा सांगितलं.

केरबांनी छाप हातात घेतली. "दोन टँकर आणले बघा त्या दिवशी," ते हळू म्हणाले. "कुणाला पाणी कमी पडलं न्हाई. तेबी फोटोत न्हाई, मीबी न्हाई." चिडले असते तर बरं, असं सिंधुला वाटलं. त्या माणसाच्या तोंडावरचा कागद तिनंच तर वाळत घातला होता!

सरजानं छाप ओढून घेतली. "आणि ही कोण?"

सिद्धरामनं मान खाली घातली.

व्यंकटीनं मान पुढं काढली. "आमच्या लग्नात जेवून गेली का ही बाई? मला तर आठवंना." मग त्यानं फोटोकडे पाहिलं, दाराशी बसलेल्या सिंधुकडे पाहिलं आणि हळूच "अगं बाबौ!" म्हणाला.

"ही कोण, विचारलं मी," सरजाचा आवाज चढला. "माझ्या बाबांच्या जागी हिला कशाला काढलं?"

गिऱ्हाईक म्हणता आलं असतं. लेन्स तपासत होतो म्हणता आलं असतं. सिंधुनं ओढणीच्या टोकाला पीळ दिला आणि मनात म्हणाली, बोल ना... खोटं बोलू नकोस आता...

"ही सिंधु," सिद्धराम म्हणाला. कान लाल, नजर जमिनीवर. "मला हिच्याशी लगीन करायचंय. तिला अजून विचारलं न्हाई. विचारायची छाती होईना, म्हणून फोटो काढत बसलो. तिला सांगितलं, रोल न्हाई. ते खोटं होतं. चूक माझी, तिची न्हाई. तिनं तर दोन दिवस बसून स्वतःला पुसलं, तुमचे फोटो वाचावेत म्हणून."

बाहेर टँकरपाशी रांगेतले हंडे वाजले. वीरण्णांनी खोकून घेतलं. सिंधुला त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

"मग?" सरजा सिंधुकडे वळली. राग होता, पण त्याच्या कडेला काहीतरी हललं होतं. "तुझं काय म्हणणं हाय?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. सिद्धराम सोडून.

सिंधु उठली. "आधी तुझ्या बाबांचा फोटो," ती म्हणाली. "बाकीचं मागून."

"लगीन काय दोनदा लागतंय?" केरबा म्हणाले. "आणि तो कोट कुठाय आता? माघारी दिला."

"कोट नको काका. कंधारच्या बायकांना कोट थोडाच बघायचाय." सिंधुनं सिद्धरामच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. "काका, टँकर आलाय ना बाहेर? त्या दिवशी कसं उभे होतात तिथं?"

केरबा संकोचत बाहेर आले. खाकी पँट, साधा सदरा. रांगेतल्या बायकांनी वाट करून दिली. "कुठं उभं राहू?" म्हणत त्यांनी सवयीनं पाइपचं तोंड धरलं, पहिला हंडा भरू लागला आणि फोटोचं विसरून गेले. "मागं सरा, सांडू नका, सगळ्यांना मिळंल!" ते ओरडले. सरजा लग्नाची पांढरी साडी नेसून धावत आली आणि बापाच्या बाजूला उभी राहिली. उडालेल्या थेंबांनी दोघांचे चेहरे चमकले. बाप लेकीकडे बघून हसला.

खट्.

"हा पहिल्या पानावर," सरजा म्हणाली. डोळे पुसत, हसत. "आणि तो दुसरा, तुझावाला, बाबांच्या तोंडावर कागद असलेला, तोही दे एक. कंधारात सांगायला. आमच्या लग्नात आणखी एक लगीन ठरलं म्हणून."

"ठरलं कुठं?" सिद्धराम हळूच म्हणाला.

बसस्टँडवर वीरण्णा केळी घ्यायला गेले. एक डझन केळी घ्यायला माणसाला किती वेळ लागतो? वीरण्णांना वीस मिनिटं लागली. सिंधु खिडकीशी बसली होती, सिद्धराम खाली उभा.

"पुसलेल्या चेहऱ्यांचा राग आला का?" तिनं विचारलं.

"न्हाई. निगेटिव्ह माझ्याकडंच हाय."

"मी स्वयंपाकघरात बसणार न्हाई. डार्करूम लागंल. आणि लग्नाला कॅमेरा घेऊन मीबी जाणार. बायकांचे फोटो बायकांनीच काढलेले बरे, लाजून डोळे मिटत न्हाईत त्या."

"पाणी तेवढं न्हाई लातुरात..." तो खरंच काळजीनं म्हणाला.

"मी रांगेत उभी राहीन की. माझा आवाज केरबाकाकांपेक्षा मोठा हाय."

वीरण्णा केळी घेऊन गाडीत चढले. त्यांनी यावेळी मधे न येता पुढच्या बाकावर बैठक मारली आणि दोघांकडे पाठ केली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसं सिंधुनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"सिद्धराम!" पहिल्यांदाच नुसतं नाव. "गुरुवारी येशील ना?"

"हाव!"

"येताना आईला घेऊन ये!"

तो तसाच उभा राहिला, धुरळ्यात. मग काहीतरी उमजल्यासारखा गाडीमागं पळत सुटला. हातवारे करत, काहीतरी ओरडत. काय ओरडत होता ते गाडीच्या खडखडाटात सिंधुला ऐकू आलं नाही. पण पुढच्या बाकावर वीरण्णा एक केळं सोलत स्वतःशीच म्हणाले, "आईच न्हाई, आत्यालाबी आणतो म्हणतंय पोरगं. डझनभर केळी कमी पडतील की गं!"