काझुरा बेटावरचे सात चौकोन

फुमिको मावशींची नजर फार तर जूनपर्यंत टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी त्यांना त्यांच्या माहेरच्या घराची जागा फोटोत तरी एकदा दाखवायची, एवढ्या एका कामासाठी त्यांची शेजारीण आसावरी आणि तिचा नवरा सत्यजित फेब्रुवारीच्या शेवटी अमेरिकेतल्या बॉथेलहून जपानला निघाले. सिॲटलहून टोकियो, टोकियोहून नागासाकी, तिथून वेगवान बोटीनं दीड तासावर गोतो द्वीपसमूह, आणि त्यापुढे एका मच्छीमाराच्या होडीनं काझुरा नावाचं निर्मनुष्य बेट! लोक जपानला जातात ते फुजीचा डोंगर बघायला, चेरीच्या झाडाखाली फोटो काढायला. हे दोघं मात्र ओसाड पडलेलं एक गाव बघायला चालले होते. सुट्टी मागताना सत्यजितनं हे कारण सांगितलं, तेव्हा त्याच्या मॅनेजरनं दोनदा विचारून खात्री करून घेतली म्हणे.

मावशी त्या गावात जन्मल्या आणि वाढल्या. बाविसाव्या वर्षी सासेबोच्या अमेरिकन तळावरच्या एका नाविकाशी लग्न करून त्या निघाल्या, त्या कायमच्याच. पुढे चार-पाच वर्षांत सगळं गावच उठून मोठ्या बेटावर राहायला गेलं. गावाचा एकही फोटो कुणापाशी नव्हता. आता मावशी पंच्याऐंशीच्या; नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि घर आसावरीच्या घराला अगदी खेटून.

शेजारणीसाठी कुणी एवढा आटापिटा करतं का, असं वाटेल. पण कोविडच्या दुसऱ्या लाटेत साताऱ्याला आसावरीची आई गेली, तेव्हा व्हिसाच्या भानगडीपायी तिला जाता आलं नव्हतं. गेली असती तर परतीचं दार बंद झालं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मावशी मास्क लावून, स्वतःची खुर्ची स्वतः उचलून मागच्या डेकवर येऊन बसल्या. "तुमच्यात किती दिवस पाळतात?" त्यांनी विचारलं. आसावरी म्हणाली, तेरा. मग मावशी तेराही दिवस आल्या. सहा फुटांवर तासभर बसायच्या, एक अक्षर बोलायच्या नाहीत. चौदाव्या दिवशी मात्र आपल्या अंगणातून ओरडल्या, "आसा-चान, इकडे ये, तण फार माजलंय!" आणि आसावरी पंधरवड्यात पहिल्यांदा डेक सोडून उन्हात आली. हे उपकार फिटणारे नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. निदान मावशी बघू शकताहेत तोवर हे एक तरी व्हायलाच हवं होतं.

सत्यजितला पुण्याच्या नोकरीत दोन वर्षं जपानी क्लायंट होता, त्यामुळे त्याला बोलण्यापुरती भाषा येत होती. मोठ्या बेटावर चिए-सान नावाच्या बाईंच्या घरी त्यांचा मुक्काम होता. त्यांचा नवरा शिगेरु-सान सकाळी होडीनं काझुराला सोडणार होता. चिए-साननी टेबलावरच उकळत्या पातेल्यात तिथले प्रसिद्ध, कॅमेलियाच्या तेलावर ओढलेले उडोन शिजवले. शेवयांच्या थोरल्या बहिणीच म्हणा ना! जोडीला माशाच्या पाण्याचा रस्सा. नेमका सोमवार असल्यामुळे आसावरीनं रस्सा सोडून नुसते उडोन खाल्ले, तरी तीन वाट्या खाल्ले.

जेवण झाल्यावर चिए-साननी एक फॉर्म पुढे केला. नावं, वाट, परतीची वेळ, इतकंच काय, जॅकेटचा रंगसुद्धा!

"हे काय, व्हिसाचा फॉर्म आहे का?" आसावरी हसली.

"इथे डोंगरात जाणारा प्रत्येकजण भरतो," सत्यजित म्हणाला. चिए-सान बोट नाचवत काहीतरी बजावत होत्या. "त्या म्हणताहेत, वाट चुकली तर वर चढा, धारेवर जा. खाली उतरू नका. आणि शिगेरु-सान म्हणताहेत, दुपारनंतर समुद्र चढतो, त्यामुळे तीन म्हणजे तीन." मग मराठीत हळूच त्यानं स्वतःची भर घातली, "अगं, साडेतीनशे मीटरचा डोंगर आहे हा. मी कॉलेजात असताना असले नाश्त्याला खायचो."

सकाळी साडेसातला होडीनं त्यांना पूर्वेच्या धक्क्यावर उतरवलं. गाव पश्चिमेला होतं, पण तिकडे खडकांमुळे होडी लागत नसे. मधली धार ओलांडूनच जावं लागणार होतं. सुरुवातीची वाट सोपी होती. झाडांना गुलाबी फिती बांधलेल्या, पायाखाली ओल्या पानांचा गालिचा, मधूनच कान टवकारून बघणारी हरणं, आणि जिकडेतिकडे फुललेला कॅमेलिया. लालभडक फूल पाकळ्या न गाळता अख्खंच्या अख्खं खाली पडायचं, त्यामुळे वाटेवर कुणीतरी फुलं मांडून ठेवल्यासारखी वाटायची. आसावरी त्यांच्यावर पाय न देता चालत होती आणि त्यामुळे मागे पडत होती.

दहाला ते धारेवर पोचले आणि धुकं आलं! दहा पावलांवरचं झाड दिसेना. पलीकडच्या उतारावर वादळानं पाडलेले ओंडके अस्ताव्यस्त पडलेले होते. फिती संपल्या. वाट म्हणून धरावी ती हरणवाट निघे आणि काटेरी जाळीत विरून जाई. फोनच्या नकाशावर नुसता हिरवा रंग होता. तासभर ते गोल गोल फिरले.

तेवढ्यात सत्यजितला पाण्याचा आवाज आला आणि त्याचा चेहरा खुलला. "ओढा! सुटलो! ओढा धरायचा आणि खाली उतरायचं. ओढ्याच्या काठी गाव असतंच. सह्याद्रीत किती वेळा उतरलोय असा."

"अरे, पण त्या काल काय म्हणाल्या?"

"तो रूल टूरिस्ट लोकांसाठी असतो, यार."

आसावरीनं घड्याळ पाहिलं, मावशींचे डोळे आठवले, आणि ती ऐकून बसली. सह्याद्रीत ओढा कोकणातल्या एखाद्या वाडीत नेऊन सोडतो हे खरं. पण काझुराच्या ओढ्यानं सह्याद्री कधी पाहिला होता! घळ अरुंद होत गेली. शेवाळलेले धोंडे आले. एका कातळावरून तर दोघं बसून घसरत खाली आले. हे परत चढायचं कसं, हा विचार कुणालाच शिवला नाही. आणखी शंभर पावलं, आणि पाणी एकदम नाहीसं झालं.

"थांब!" आसावरी किंचाळली.

पुढे कडा होता! ओढा तिथून थेट समुद्रात उडी घेत होता, आणि खाली दीडेकशे फुटांवर लाटा खडकांवर आदळत होत्या. सत्यजित दोन पावलं मागे सरकला आणि मटकन खालीच बसला.

आणि नेमकं तेव्हाच वारं आलं आणि धुकं फाटलं.

कड्याच्या पलीकडे, छोट्या खाडीच्या उतारावर, गाव होतं. घर एकही नव्हतं; भिंती, छपरं सगळं मातीला मिळालेलं. पण वारा अडवायला प्रत्येक घराभोवती लोकांनी कॅमेलियाची कुंपणं लावली होती, ती झाडं आता उंच होऊन ऐन फुलात उभी होती. पिवळ्या गवतात गर्द हिरवे, लाल फुलांनी भरलेले चौकोन! माणसं गेली, घरं गेली, आणि घरांच्या जागा तेवढ्या फुलत राहिल्या. आसावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली, जे दिसेल ते मोजायची सवय. एक, दोन... सात. तिनं प्रत्येक चौकोन नीट न्याहाळला आणि मग कॅमेऱ्यानं अकरा फोटो काढले. खाडीत उतरायला वाट नव्हती, पण आता त्याची गरजही नव्हती. काम झालं होतं!

"मिळालं, सत्या! चल आता." कॅमेरा तिनं वॉटरप्रूफ बॅगेत घातला. पाऊस भुरभुरू लागला होता म्हणून दोघांचे फोनही त्यातच टाकले.

तो घसरून उतरलेला कातळ आता आडवा आला. सत्यजितच्या खांद्यावर पाय देऊन आसावरी वर गेली. बॅग काढून शेजारी ठेवली, झाडाच्या बुंध्यात पाय अडकवून पालथी पडली आणि तिनं हात खाली सोडला. सत्यजित मुळ्या धरत चढू लागला. अर्ध्यावर आला. पायाखालचा धोंडा निसटला!

तो लोंबकळला. एक हात मुळीवर, दुसरा आसावरीच्या हातात. खाली ओला उतार, आणि उताराच्या टोकाला कडा. मुळी कडकडली. आसावरीच्या गुडघ्याचा धक्का लागून बॅग शेवाळावरून सरकू लागली.

"बॅग!" सत्यजित ओरडला. "आसावरी, बॅग धर!"

बॅगेचा पट्टा तिच्या मोकळ्या हातापासून वीतभर लांब होता. त्यात अकरा फोटो होते. तिनं पट्ट्याकडे एकदा पाहिलं. मग तो हातही तिनं नवऱ्याच्या मनगटावर घातला आणि सगळं बळ लावून ओढलं. बॅग त्याच्या खांद्याला घासून गेली, दोनदा आपटली आणि कड्यावरून दिसेनाशी झाली. मुळी तुटली. पण तोवर त्याची छाती कातळावर आली होती.

दोघं चिखलात पडून राहिले. सत्यजित लहान मुलासारखा रडत होता. "सॉरी. माझ्यामुळे... एवढं सगळं करून..."

"गप. श्वास घे आधी," आसावरी म्हणाली. फोटो गेले याचं दुःख होत होतंच, पण हा माणूस शेजारी धापा टाकतोय याचा आनंद इतका मोठा होता, की तिनं त्याचे चिखलानं भरलेले केस दोनदा कुरवाळले. "आता माझं ऐकायचं. वर. फक्त वर."

नकाशा नाही, फोन नाही. कारवीसारख्या दाट झुडपांतून ते हातापायांवर चढत राहिले. काटे लागले, रक्त आलं. सत्यजितचा गुडघा सुजला. धारेवर पोचले, तेव्हा पुन्हा धुकं! डावीकडे जायचं की उजवीकडे? मनगटावरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. होडी गेली असणार.

तेवढ्यात धुक्यातून लांबून भोंगा वाजला. थांबला. मिनिटभरानं पुन्हा वाजला!

"शिगेरु-सान!" सत्यजित ओरडला आणि दुखरा गुडघा विसरून आवाजाच्या दिशेनं सुटला. पहिली गुलाबी फीत दिसली, तेव्हा आसावरीनं त्या झाडाला मिठी मारली.

धक्क्यावर पोचले तेव्हा साडेचार झाले होते. लाटा होडीला उचलून आपटत होत्या, आणि तीन म्हणजे तीन म्हणणारा तो म्हातारा ओलाचिंब होऊन एका हातानं दोर आणि एका हातानं भोंगा सांभाळत उभा होता. त्याचा राग डोक्यात गेलेला दिसत होता. सत्यजित कमरेत वाकून माफी मागू लागला, तर त्यानं दोन शब्दांत त्याला गप्प केलं.

"काय म्हणाले?" आसावरीनं विचारलं.

"फॉर्मवर दोन नावं आहेत, म्हणाले. दोन घेऊनच जायचं होतं."

घरी चिए-सान दारातच उभ्या होत्या. आसावरी सरळ त्यांच्या पाया पडायला वाकली. त्याच क्षणी चिए-सानही रीतीप्रमाणे वाकल्या, आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटली! मग दोघी हसल्या, आणि हसता हसता आसावरी त्यांच्या गळ्यात पडून रडली. पुन्हा एकदा जाऊन येतो, असं सत्यजित म्हणून बघत होता, पण पुढचे तीन दिवस समुद्र इतका खवळला की एकही होडी निघाली नाही, आणि चौथ्या दिवशी विमान होतं.

बॉथेलला परतल्यावर आसावरी जड पावलांनी मावशींकडे गेली. सगळं सांगितलं. घळ, कडा, बॅग. मावशी ताडकन उठल्या आणि त्यांनी चव्वेचाळीस वर्षांच्या सत्यजितच्या दंडावर फटका मारला. "स्टुपिड बॉय! फोटोसाठी मरतं का कुणी?" मग दोघांचे हात हातात धरून त्या बसल्या. "आलात ना परत," त्या पुटपुटल्या. "थँक यू. आलात ना."

"मावशी, मी पाहिलंय पण," आसावरी म्हणाली. "सगळं डोळ्यांपुढे आहे. कसं दाखवू तुम्हाला?"

बोलता बोलता तिचं लक्ष ओट्यावरच्या बरणीकडे गेलं. त्यात मावशींचे लाल, चवळीएवढे अझुकीचे दाणे होते. तिनं मूठभर घेतले आणि जेवणाच्या टेबलावर, दिवाळीत दारात रांगोळी सोडतात तसे चिमटीतून सोडायला लागली. एक चौकोन. त्याच्या खाली दुसरा. इथे उतार, इथे खाडी. सातवा पुरा झाला तेव्हा मावशी नाक टेबलाला लागेल इतक्या वाकल्या. नीट दिसेना. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोट दाण्यांवरून फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक चौकोनावर एकेक नाव घेत होत्या. कुणाचं घर, कुणाची आजी, कुणाचा कुत्रा. सगळ्यात खालच्या चौकोनाशी येऊन बोट अडलं.

"ही बाजू राहिली तुझी," त्या म्हणाल्या. "इकडे दाणेच नाहीत."

"राहिली नाही, मावशी. त्या बाजूला झाडंच नव्हती. समुद्राकडची बाजू मोकळी आहे."

मावशींचं बोट त्या मोकळ्या जागेतून आत गेलं, बाहेर आलं, पुन्हा आत गेलं.

"बाबांनी तिकडे झाडं लावली नव्हती," त्या म्हणाल्या. "आईला चुलीपाशी बसून त्यांची होडी येताना दिसावी म्हणून. थंडीत काय वारा यायचा घरात! सगळं गाव हसायचं त्यांना." त्यांनी बोट त्या मोकळ्या जागेतच ठेवलं. "आसा-चान, साठ वर्षं मला वाटत होतं, की हे मीच मनानं रचलंय."

ते दाणे मावशींनी कुणाला हलवू दिले नाहीत, त्यामुळे त्या टेबलावर मग कुणाला जेवता आलं नाही. मावशी ओट्याशी उभ्यानंच जेवू लागल्या, आणि सत्यजित कधी तिकडे गेला, तर तोही ताटली हातात धरून त्यांच्या शेजारी उभा राहतो.