कान टवकारण्याचं काम

हेस्टर न्यूमार्केटच्या त्या तबेल्यात आली होती, ती फक्त शिवलेल्या झुली परत करायला. गावातल्या बहुतेक घोड्यांच्या झुली ती आणि तिची आईच शिवत. पण त्या सोमवारी आवारात पाऊल टाकलं, तर समोर वेगळाच प्रकार. त्या साली मोठी शर्यत जिंकलेली लॅपविंग घोडी उभ्या-उभ्या पेंगत होती. तिची दोरी धरून मोतद्दार ॲमॉस खांबासारखा ताठ उभा होता. आणि पडवीत कॅनव्हास मांडून बसलेले चित्रकार ऑर्ड कपाळाला हात लावून म्हणत होते, "हे असे लोंबते कान काढले, तर मालक विचारतील, गाढव कुणाचं?"

हेस्टरला हसू फुटलं. हसताना हातातला टाचण्यांचा डबा खुळखुळला... आणि लॅपविंगचे दोन्ही कान ताडकन उभे राहिले. मान वर, डोळ्यांत चमक.

"हलू नका," ऑर्ड म्हणाले.

हेस्टर हलली नाही. आणि त्या क्षणापासून तिला नवंच काम मिळालं. रोज सकाळी ऑर्डच्या पाठीमागे उभं राहायचं, घोडीचे कान पडले की डबा वाजवायचा. ऑर्ड घोडीकडे बघत, घोडी हेस्टरकडे बघे. चित्रातल्या मोतद्दाराने घोडीकडेच बघायचं, ही रीत. पण ॲमॉसची नजर सारखी घसरे, आणि ऑर्डना खाकरावं लागे.

तिच्याशी थेट बोलायची मात्र त्याची छाती नव्हती. जे काही बोलायचं ते तो घोडीशी बोले, ओठ जेमतेम हलवत.

"बाईसाहेब," तो मंगळवारी घोडीला म्हणाला, "आज कुणीतरी निळी रिबन बांधून आलंय. तुमच्यासाठीच असणार. आमचं कुठलं एवढं नशीब."

"लॅपविंग," हेस्टर म्हणाली, "तुझ्या माणसाला सांग, रिबन करडी आहे. आणि त्याला डोळे कुठे ठेवायला सांगितलेत, तेही विचार."

लेकी बोले सुने लागे म्हणतात, त्यातलाच प्रकार. फक्त इथली लेक चार पायांची होती.

बुधवारी त्याने अशीच आणखी एक बातमी घोडीला सांगितली. तिला आयर्लंडला विकलं होतं. पंचवीस तारखेला निघायचं, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही म्हणून त्यालाही तिच्याबरोबर कायमचं जायचं. तिकडे गवत फार चांगलं असतं म्हणे.

हेस्टर डबा वाजवायला विसरली. तो जाणार होता... आणि जाण्याआधी एक शब्द, एकच, तिला उद्देशून बोलला असता तर. घोडीशी बोललेला शब्द आपला म्हणून कुणी कसा घ्यायचा?

गुरुवारी घोडी चित्रात पुरी झाली. ऑर्डनी हेस्टरचे आभार मानून तिला रजा दिली.

शुक्रवारी ती घरी झूल शिवत बसली होती, टाके वाकडे पडत होते, तेवढ्यात ऑर्ड स्वतःच दारात. आता मोतद्दाराचं तोंड तेवढं राहिलंय, ते सांगू लागले, आणि माणसांची तोंडं त्यांना मुळातच अवघड जात. "त्यात आज सकाळपासून त्याचेच कान पडलेत. काय करू?"

आईने दातांतली सुई काढली. "जा बाई. झूल काही आयर्लंडला जात नाही."

बाहेर भुरभुर पाऊस होता. आवारात ॲमॉस एकटाच, हातात रिकामी दोरी. हेस्टर आपल्या जागी जाऊन उभी राहिली. डबा आणलाच नव्हता. तरी त्याची मान वर आली, आणि ऑर्डनी घाईने ब्रश उचलला.

"बाईसाहेब—" सवयीने म्हणत ॲमॉसने शेजारी पाहिलं. शेजारी कुणीच नव्हतं. तो कानापर्यंत लाल झाला.

"ती आत चारा खातेय," हेस्टर म्हणाली. "तिच्यासाठी निरोप असेल तर आत जाऊन सांग. माझ्यासाठी असेल तर मी इथे आहे."

ॲमॉसने दोरी या हातातून त्या हातात घेतली.

"हेस्टर," तो म्हणाला. पाच दिवसांत पहिल्यांदा. "पंचवीस तारखेच्या आत तीन रविवार येतात. मी मोजले."

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण तिला ऐकायचं होतं. "तीन रविवार कशाला?"

"आपली नावं पुकारायला. तू हो म्हणालीस तर. तिकडेही घोड्यांना झुली लागतातच... नाही, झुलींचं जाऊ दे. मला तू हवीस. तुझ्याशिवाय जायचं म्हटलं, की पायच उचलत नाही."

"घोडीला विचारलंस?"

"नाही. आधी तुलाच विचारतोय."

 हेस्टरला हसू येत होतं की रडू, तिलाच कळेना. "मग उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "पहिला रविवार परवाच आहे. पाद्रीबाबांना आजच सांगायला हवं."

दोरी टाकून तो दोन पावलं पुढे आला; तीही पडवीतून पावसात उतरली.

"दहा मिनिटं," ऑर्ड काकुळतीने म्हणाले. "फक्त दहा मिनिटं, मुलांनो. हा चेहरा मला पुन्हा मिळायचा नाही."

ॲमॉस मागे सरला. दोरी उचलून पुन्हा उभा राहिला, तिच्याकडे बघत. ती त्याच्याकडे बघत होती. पाऊस वाढला, तिच्या करड्या रिबनीचं पाणी मानेवर ओघळायला लागलं... हललं कुणीच नाही.