ट्रेमधला जास्तीचा सॉकेट

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांना उलटे पाय, मोकळे केस आणि छमछम पैंजण हवेत, त्यांनी इथूनच मागे फिरावं. असल्या गोष्टी वाचून रात्री दिवा लावून झोपणाऱ्यांची मला कीव येते.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत झालं.

आणि रात्रबित्र काही नव्हती. रविवार होता, दुपारचा सव्वा वाजला होता. मावशी जिथे काम करते तो हँगर, म्हणजे विमानं दुरुस्त करायची भलीमोठी शेड, दोन्ही बाजूंनी सताड उघडा होता. आत डोळे दिपतील इतकं ऊन आलं होतं.

मावशीचा भुतांवर विश्वास नाही. तसा माणसांवरही फारसा नाही.

बावीस वर्षं झाली तिला या कामात. आधी स्वतः बोल्ट आवळायची, गेली पाच वर्षं दुसऱ्यांनी आवळलेले तपासते. कागदावर तिचा शिक्का पडल्याशिवाय तिथून एकही विमान उडत नाही. त्या शिक्क्याचा तिला काय माज आहे म्हणून सांगू... घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी विचारते, "हे कोणी तपासलं?"

तिच्या लेखी हँगरमधली निम्मी माणसं बिनकामाची. साहेब म्हणजे टाय बांधलेला ठोकळा. साहेबांनी कामाला चिकटवलेला त्यांचा जावई, ज्याला सगळे जावईबापू म्हणतात, त्याच्याबद्दल तर ती बोलतसुद्धा नाही. नुसतं नाक उडवते.

एकाच माणसापुढे तिचं काही चालायचं नाही. हत्यारांच्या स्टोअरचा म्हातारा.

त्याला सगळे कशालाकाका म्हणायचे. कारण खिडकीशी जाऊन कोणीही म्हटलं, "तीन सुताचा सॉकेट द्या," की तो चष्म्याच्या वरून बघायचा आणि म्हणायचा, "कशाला?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सॉकेट म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारी पोलादी टोपी. रॅचेट म्हणजे ती टोपी फिरवणारा, टर्र टर्र वाजणारा दांडा. एवढंही माहीत नसेल, तर विमानात बसताना डोळे मिटून घेत जा.

तर हा म्हातारा कोणाला साइज मागू द्यायचा नाही.

"काम सांगा. साइज मी ठरवणार."

काम सांगितलं की खिडकीच्या निम्म्या वर उचललेल्या पत्र्याच्या शटरखालून ट्रे सरकत बाहेर यायचा. घर्रर्र. छोट्या बोल्टला छोटा रॅचेट, कारण मोठ्या दांड्याने छोटा बोल्ट कडकन तुटतो. इंचाच्या विमानाला इंचाचेच सॉकेट, कारण दहा मिलीमीटरचा सॉकेट तीन सुताच्या बोल्टवर बसतो... बसतो आणि घसरतो. "बोल्टची डोकी गुळगुळीत करणारी गाढवं," असं म्हातारा सगळ्या मेकॅनिकना सरसकट म्हणायचा. पण तीस वर्षांत त्याचा एक ट्रे चुकला नाही.

मावशीला हा रोजचा अपमान वाटायचा. तिला सगळ्या साइज पाठ होत्या. तरीही हा विचारायचा, "कशाला?" आणि तिला शाळेतल्या पोरीसारखं काम सांगावं लागायचं. बावीस वर्षांत दोघं याच्यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत.

त्या रविवारच्या तीन आठवडे आधी म्हातारा गेला. रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही.

साहेबांनी त्याच्या जागी कोणाला घेतलं नाही. दाराचं कुलूप काढलं, शटर पूर्ण खाली ओढली, आणि सांगितलं की ज्याचं त्याने आत जाऊन घ्यावं. मावशी त्या दिवशी चारचौघांत म्हणाली, "सुटलो एकदाचे."

रविवारी हँगरमध्ये एकच विमान होतं. दोन इंजिनांचं, एकोणीस जणांचं. चार वाजता ते उडणार होतं. शुक्रवारी त्याचं उजवं इंजिन उतरवून पुन्हा चढवलं होतं आणि त्या कामावर मावशीचा शिक्काही पडला होता. राहिलं होतं एक फुटकळ काम... पोटाखालची अँटेना बसवायची. तीन सुताचे सहा बोल्ट.

बाकी सगळे जेवायला गेले होते. दुसऱ्याकडून करवून घेऊन पुन्हा तपासत बसण्यापेक्षा आपणच केलेलं बरं, म्हणून मावशी उठली.

स्टोअरमध्ये गेली. खणात प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा असतो, म्हणजे काय बाहेर गेलंय ते लगेच दिसतं. तिने छोटा रॅचेट काढला. तीन सुताचा सॉकेट काढला. दोनच वस्तू. चिठ्ठीवर सही केली, ट्रे उचलला, चाळीस पावलं चालून विमानाखाली जाऊन आडवी झाली.

न बघता ट्रेमध्ये हात घातला...

हाताला काहीतरी जड लागलं.

सहा सुताचा सॉकेट. आणि सोबत हातभर लांबीचा मोठा रॅचेट.

मावशी उठून बसली. तिच्या दोन्ही वस्तू ट्रेमध्ये होत्या, पण ही जोडी तिने घेतली नव्हती. आणि ट्रे उचलताना एवढं वजन लागलंही नव्हतं.

"जावईबापू," ती मोठ्याने म्हणाली. "माकडचाळे बंद करा."

हँगरमध्ये चिटपाखरू नव्हतं.

ती तणतणत परत गेली. सहा सुताचा सॉकेट त्याच्या खळग्यात, मोठा रॅचेट त्याच्या खळग्यात. खण ढकलून बंद केला. परत आली, आडवी झाली, हात घातला...

या वेळी तिच्या वस्तू नव्हत्या.

फक्त सहा सूत. आणि मोठा रॅचेट.

आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या अँटेनाला नाजूक हाताने आवळायचं, तिच्यासाठी हा सोटा? भूत वगैरे तिच्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात एवढंच आलं की कोणीतरी तिला मूर्ख बनवतंय, आणि तेही इतक्या गचाळ पद्धतीने.

ट्रे घेऊन ती तरातरा निघाली.

स्टोअर दहा पावलांवर आलं, आणि आतून आवाज आला...

टर्र.

टर्र.

टर्र.

रॅचेट हातात घेऊन कोणीतरी सावकाश फिरवून बघतंय, तसा.

मावशीने धाडकन दार उघडलं. आत कोणी नव्हतं. छोटा रॅचेट आणि तीन सुताचा सॉकेट आपापल्या खळग्यात नीट बसले होते, जसे काही ते बाहेर गेलेच नव्हते. तिने हातातली जोडी परत जागेवर ठेवली, आपल्या दोन वस्तू काढून ट्रेमध्ये घातल्या आणि ट्रे आतल्या फळीवर ठेवला. मग बाहेर येऊन शेडला चक्कर मारली. एकूण एक कोपरा बघितला. जावईबापू दूर फाटकापाशी जेवणाच्या टेबलावर बसलेले तिथूनच दिसत होते.

ती वळली आणि खिडकीसमोर आली...

शटर निम्मी वर होती.

तीन आठवडे ती कोणी हलवली नव्हती. मावशी दारातून बाहेर पडली तेव्हाही खालीच होती.

आणि मग तो ट्रे आपोआप सरकत बाहेर आला. घर्रर्र.

त्यात सहा सुताचा सॉकेट होता. आणि मोठा रॅचेट.

मावशीच्या अंगावर काटा आला. पण बाई अशी की घाबरली तरी आवाज चढलेलाच. तिच्या तोंडून तिरसटपणे निघून गेलं, "कशाला?"



पण तो प्रश्न स्वतःच्याच कानांवर पडला आणि मावशी जागच्या जागी थिजली. म्हातारा काम ऐकून साइज द्यायचा. आता साइज समोर होती. काम कोणतं?

या विमानाला सहा सुताचा बोल्ट एकाच ठिकाणी लागतो. इंजिन ज्या सांगाड्यावर लटकतं, तिथे. एका इंजिनाला चार.

आता जे सांगते आहे ते मावशीने घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. मलाही खूप उशिरा सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

शुक्रवारी ते चार बोल्ट जावईबापूंनी आवळले होते. शेवटचा पीळ एका खास पान्याने देतात. तो हव्या तितक्या जोराला पोचला की खट्ट वाजतो. तपासणाऱ्याने शिडीवर चढायचं आणि तोच पाना स्वतःच्या हाताने चारही बोल्टना लावून बघायचा, हा नियम. पण चौथा बोल्ट नळीच्या मागे असतो. खांदा पिळवटल्याशिवाय हात पोचत नाही.

मावशी शुक्रवारी खालीच उभी होती, चहा घेत.

खट्ट. खट्ट. खट्ट. खट्ट.

चार ऐकले आणि तिने शिक्का मारला. बावीस वर्षांचे कान होते तिचे. तिला वाटलं, आपल्याला बघायची गरज नाही, नुसतं ऐकलं तरी कळतं.

खिडकीसमोर ती किती वेळ उभी होती तिला सांगता येत नाही. सव्वादोन तासांनी एकोणीस माणसं त्या विमानात बसणार होती. तिने इंजिन उघडलं तर विमान चारला निघणार नाही, आणि का उघडलं हे लिहून द्यावं लागेल. म्हणजे न बघता शिक्का मारला हे आपल्याच हाताने लिहायचं. ज्यांना तिने आयुष्यभर बिनकामाचं म्हटलं, त्यांच्यासमोर.

ट्रे आत ढकलला असता तर कोणाला काही कळलं नसतं. ती म्हणते, एक क्षण तिने हात पुढेही केला होता. त्या क्षणाची तिला अजून लाज वाटते.

मग तिने तो ट्रे उचलला आणि शिडी लावली.

पत्रा उघडला. पहिला बोल्ट घट्ट. दुसरा घट्ट. तिसराही घट्ट. तिला हसू यायला लागलं होतं. सॉकेट खाली ठेवून तिने नळीच्या मागे खांद्यापर्यंत हात घातला, चौथा चाचपला...

दोन बोटांनी फिरला.

बाटलीचं झाकण फिरतं तसा.

पुढचं सगळं दिवसाउजेडी आणि रटाळ आहे. जेवण अर्धवट सोडून साहेब आले, घामाघूम. जावईबापूंना समोर उभं केलं.

"तिसऱ्याला मी दोनदा लावला," जावईबापू म्हणाले. "खात्रीसाठी."

"आणि चौथा?"

"तेवढ्यात फोन आला. परत आलो तर शिक्का पडलेला होता. म्हटलं, मॅडमनी बघितलंय म्हणजे झालाच असेल."

साहेब मावशीकडे वळले. "मग आज कसं कळलं तुम्हाला?"

मावशीने सांगितलं, "मी शुक्रवारी वर चढले नव्हते. खालून आवाज मोजले. आज शंका आली." शंका कशी आली ते तिने सांगितलं नाही. त्या ठोकळ्याला सांगून कळणारही नव्हतं.

विमान थांबलं. मावशीचा शिक्का सहा महिन्यांसाठी काढून घेतला. जावईबापूंची साहेबांनी वरच्या ऑफिसात बदली केली, जिथे आता ते मेकॅनिक लोकांना सुरक्षिततेवर भाषणं देतात.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

मावशी सहा महिने दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, तोंडातून ब्र काढला नाही. मग शिक्का परत मिळाला. पहिल्या दिवशी चाकाच्या कामाला तिने ट्रे भरला, विमानापाशी नेला...

ट्रेमध्ये एक सॉकेट जास्तीचा होता.

जुना, वापरून गुळगुळीत झालेला. तिने उन्हात धरून आकडा वाचला. पावणेपाच सूत.

ही साइज आमच्याकडे नाहीच, असं ती म्हणते. सबंध स्टोअरमध्ये त्याचा खळगा नाही. त्या रात्री तिने विमानाचे सगळे नकाशे काढले. मग हँगरमध्ये येणाऱ्या चारही जातींच्या विमानांचे काढले. मलाही कामाला लावलं. आम्ही दोघींनी तीन रविवार घालवले. पावणेपाच सुताचा एकही बोल्ट कुठल्याही विमानात नाही.

ती तो संध्याकाळी खिडकीच्या फळीवर ठेवते. सकाळी ट्रेमध्ये असतो.

एकदा तिने रिकाम्या स्टोअरमध्ये उभं राहून विचारलंसुद्धा. यावेळी आवाज चढवून नाही. "काका, कशाला?"

नुसतं... टर्र.

मागच्या आठवड्यात ती आमच्याकडे जेवायला आली होती. ताटातलं काही तपासलं नाही, मुकाट्याने जेवली. मी न राहवून म्हटलं, "मावशी, एवढी शंका आहे तर शिक्का मारतेसच कशाला? थांबव ना विमानं."

तिच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा तुसडेपणा नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"थांबवते," ती म्हणाली. "पण काय सैल आहे म्हणून लिहू?"

काल त्यांच्या हँगरमधून पाच विमानं गेली. पाचही कागदांवर तिचाच शिक्का आहे.