गजेंद्र कामडीचं सुतक

गजेंद्र कामडी स्वतःच्या मयतीला येऊन पोहोचला, तेव्हा तिरडीचे बांबू बांधून झाले होते.

नवरात्रातली दुपार. माहूरहून देवीचं दर्शन घेऊन तो एसटीनं वडनेरला उतरला. कपाळावर कुंकू, हातात प्रसादाची पिशवी. पानठेलेवाल्या नत्थूजींनी त्याला पाहिलं आणि हातातला काताचा डबा सोडून दिला. घरासमोर अर्धं गाव बसलेलं होतं. त्याला बघून रडणाऱ्या बायका गप्प झाल्या, आणि त्याची बायको जया ओसरीतून उठून उभी राहिली. तिचे हात मोकळे होते. भावकीतल्या एका म्हाताऱ्या जावेनं प्रेताचीही वाट न पाहता तिच्या बांगड्या फोडून टाकल्या होत्या. काचा अजून केरात पडल्या होत्या.

पोलीस उपनिरीक्षक छाया भोयरला फोन गेला तो या बांगड्यांमुळे. मेल्या माणसाचं जिवंत होणं गाव हसण्यावारी नेईल, पण बाईचे हात उघडे केले तर ते कोण विसरणार?

घोळ केला होता एका मेसेजनं. पहाटेच गावाच्या ग्रुपवर अनोळखी नंबरवरून गजेंद्रचा हार घातलेला फोटो आला होता. माहूरच्या रस्त्यावर अपघाती निधन, डॉ. कृष्णकांत देशकर यांनी तपासून मृत घोषित केले, पार्थिव दुपारी घरी येईल. गजेंद्रचा फोन लागेना, कारण दरवर्षी माहूरला जाताना तो मोबाइल बंद करून घरीच ठेवायचा. देवीपुढं तेवढा एक नेम पाळायचा. बाकी वर्षभर त्याचं तोंड आणि मोबाइल दोन्ही चालूच असत.

गजेंद्रचं ‘वणाकाठ लाइव्ह’ नावाचं चॅनल होतं. कोरोनाच्या काळात ते चॅनल घराघरांत बघितलं जायचं. डॉक्टर मारतात, ऑक्सिजन लावला की माणूस परत येत नाही, लस घेऊ नका, काढा प्या. गजेंद्र रोज नवं सांगायचा आणि लोक मान डोलवायचे. त्याच दिवसांत डॉ. देशकरांच्या दवाखान्यावर दगड पडले होते. तेव्हा दारात बंदोबस्ताला छायाच होती. भुवईवरची टाक्यांची खूण तिला रोज आरशात दिसे. त्यामुळे गजेंद्रच्या मरणाची थाप ऐकून तिला आधी बरं वाटलं, आणि ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

बरं वाटणं फार टिकलं नाही. गजेंद्रनं घरात शिरताच मोबाइल काढून लाइव्ह सुरू केलं होतं. मी जिवंत आहे, हे कारस्थान डॉक्टर देशकरचं आहे, संध्याकाळी दवाखान्यावर चला. खाली लोक लिहीत होते, जुना व्हिडिओ आहे, भाऊ अमर रहे. तो जिवंत आहे ही बातमी कुणी मानेना. डॉक्टर दोषी आहे ही मात्र सगळ्यांनी मानली. पोरं चौकात जमायला लागली होती.

सायबरवाल्यांना नंबर कळवला, तर उत्तर यायला काही दिवस लागतील म्हणाले. छायाजवळ संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता. या वेळी दगड पडले तर नुसत्या काचा फुटणार नव्हत्या.

ती आधी ओसरीत जयाजवळ बसली. आतल्या खोलीत देवीचा घट होता, गव्हाचे अंकुर वर आलेले. पण आजची माळ घटावर घालत होती शेजारच्या शिंप्याची मुलगी मयुरी, ती जातीनंही वेगळी आणि कुळानंही. छायानं विचारलं, तर जया थकल्या आवाजात म्हणाली की सुतकात घरच्यांनी देवाला हात लावायचा नसतो. सकाळपासून साऱ्या भावकीत असंच चाललं होतं. गजेंद्रचे चुलते बबनकाका यांनी घरोघरी निरोप धाडला, तसे सगळ्यांनी आपापले घट परक्या हातात दिले. आता सुतकच फिटलं, पण मयुरी फुलं घेऊन आली तर तिला परत कशाला पाठवायचं?

“तुह्या नवऱ्यावर डूख कोणाचा होता?” छायानं विचारलं.

“कोणाचा नाई ते विचारा, मॅडम,” जया म्हणाली.

गजेंद्रनं स्वतः दोन नावं दिली. पहिलं डॉक्टरांचं. दुसरं मुकेशचं, जो पूर्वी त्याचा कॅमेरा धरायचा आणि भांडून निघून गेला होता. फोटोत हार घालणं मुकेशच्या डाव्या हाताचा खेळ, असं गजेंद्रचं म्हणणं.

मुकेश भेटला तो गाडीतून उतरताना, धुळीनं माखलेला. मेसेज वाचून तो सकाळीच गाडी करून माहूरच्या रस्त्यानं निघाला होता. वाटेतले दवाखाने पालथे घातले होते.

“भांडण होतं ना तुमचं?”

“होतं. पण मातीले तं जा लागते, मॅडम. मढं एकटं काऊन आणू द्यायचं?”

“अन् तो जिवंत निघाला.”

“पेट्रोल वाया गेलं,” मुकेश म्हणाला, आणि छायाला वाटलं हा खरं बोलतोय. ज्यानं मेसेज सोडला, तो नसलेलं प्रेत आणायला अर्धा दिवस उन्हात फिरला नसता.

डॉ. देशकर दवाखान्याचं शटर अर्धं ओढून आत बसले होते. पिपरी मेघेला राहणारे, मऊ बोलणारे, साठीकडे झुकलेले. बायको यशोदा फोनवर रडत होती की आत्ताच्या आत्ता घरी या. ते निघाले नव्हते. पळून गेलो तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, म्हणाले.

“मी कशाला माझंच नाव घालीन?” त्यांनी विचारलं. मग चष्मा पुसत म्हणाले, “गंमत पाहा. जिवंत माणसांना वाचवायला घसा फोडून सांगत होतो, तेव्हा माझा शब्द या गावानं घेतला नाही. आज मेला म्हणून माझं नाव नुसतं दिसलं, तर तिरडी बांधली.”

“तुमच्या नावाचा मान ठेवणारं गावात कोणी होतं का?”

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग अंकुशचं नाव निघालं. अंकुश गजेंद्रचा चुलतभाऊ, बबनरावांचा एकुलता एक मुलगा. दुसऱ्या लाटेत आजारी पडला. आजच वर्ध्याला न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बबनराव तयारही झाले होते. गजेंद्रनं दारात गाडी अडवली, म्हणाला दवाखान्यात मारून टाकतील. अंकुश घरातच गेला. त्यानंतर चॅनलवर ‘लसीचा बळी’ म्हणून कार्यक्रम झाला, अंकुशचा फोटो मोठा करून.

“त्यानं कोणती लस घेतली होती?”

“एकही नाही,” डॉक्टर म्हणाले. “तो फोटो पाहून गावातल्या किती लोकांनी लस नाकारली, ते विचारू नका.”

छायाला तो कार्यक्रम आठवला. फोटोच्या बाजूला बबनराव बसले होते, मान खाली, एक अक्षर न बोलता. तिला त्या वेळी वाटलं होतं की दुःखानं वाचा बसली असेल.

बबनराव सेवा सोसायटीतून गटसचिव म्हणून निवृत्त झालेले. भावकीत सगळ्यांत वडील. त्यांच्या बायकोनं, आनंदाबाईंनी, छायाला पाट दिला, पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. समोर घट होता. समई तेवत होती, आणि आजची झेंडूची माळ दुपारपर्यंत जराशी मलूल झाली होती.

“मेसेज कधी पाह्यला, काका?”

“पहाटेच. आंघोळ कराच्या आधी. हातपायच गळाले माझे.”

“खरं वाटलं?”

“डॉक्टरसाहेबाचं नाव होतं. खोटं कसं वाटन? भावकीले मीच कळवलं. वडील माणूस म्हटल्यावर ते करावंच लागते.”

“कोणाले फोन करून खात्री केली नाई?”

“त्या वेळी कोणाले सुचते, बाई?”

छायानं मान हलवली. घटाकडे पाहत ती सहज म्हणाली की यंदा धान्य छान उगवलं आहे, माळही सुरेख ओवली आहे.

बबनरावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं. “दरसाल मीच ओवतो, मीच घालतो. दुसऱ्याच्या हातची चालत नाई मले. आजही सूर्य उगवाच्या आत घातली.”

छाया पाणी पिऊन उठली. दारातून बाहेर पडताना तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तिनं हवालदाराला सांगितलं, डॉक्टरांना गाडीत घालून कामडींच्या घरी आण, चौकातल्या पोरांनाही तिकडेच बोलव.

उन्हं कलली तेव्हा गजेंद्रच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तिरडीचे बांबू भिंतीला टेकवून ठेवले होते. गजेंद्र खुर्चीवर होता, मोबाइल हातात. डॉक्टरांना पाहून पोरांनी गलका केला. छायानं आवाज चढवला नाही. सगळे गप्प होईपर्यंत ती नुसती उभी राहिली.

मग ती बोलायला लागली. मेसेज पाठवणाऱ्याला गजेंद्र माहूरला फोन नेत नाही हे माहीत होतं, म्हणजे तो घरातला किंवा अगदी जवळचा. मुकेशला माहीत होतं, पण तो दिवसभर प्रेत शोधत फिरला. डॉक्टरांना कुठून माहीत असणार? त्यांचं नाव घातलं ते लोकांचा विश्वास बसावा म्हणून, आणि तो बसलाही.

“ज्यानं मेसेज केला, त्याले एक गोष्ट पक्की ठाऊक होती,” ती म्हणाली. “गजेंद्र मेला नाई, म्हणजे सुतक नाई. आज पहाटे साऱ्या भावकीनं देवीचे घट परक्याच्या हाती दिले. एका घरानं दिले नाईत. त्या घरच्या मालकाले आंघोळीच्या आधीच बातमी समजली होती, त्यानंच साऱ्याइले सुतक सांगितलं, अन् मंग सोताच्या हातानं देवीले माळ घातली. बबनकाका, माणसाइशी खोटं बोललात तुमी. देवीशी बोलवलं नाई तुमच्यानं.”

अंगणातली सगळी तोंडं एकाच दिशेनं वळली.

बबनरावांनी नाकबूल केलं नाही. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक जुना मोबाइल काढला, काच तडकलेला, आणि तिरडीच्या बांबूंवर ठेवला. अंकुशचा होता तो. त्यात नवं कार्ड टाकून त्यांनी मेसेज पाठवला होता.

“खोट्या सुतकापायी अंकुशच्या माघारी घराचा घट कसा बाटवू?” ते म्हणाले. “माह्या पोराले यानं दोनदा मारलं. एकदा गाडी अडवून, एकदा फोटो लावून. काका, तुमी नुस्ते बसा, असं म्हणून मले त्या फोटोपाशी बसवलं. मी बसलो. आता हा सोता बोंबलून पाहो, की मी खोटा नाई, माह्यावर इस्वास ठेवा. कसं लागते ते याले कळू दे म्हटलं.”

मग ते डॉक्टरांकडे वळले आणि हात जोडले. तुमचं नाव वापरलं, ते पाप माझं, म्हणाले. जयाकडे मात्र त्यांना बघवेना.

“पोरी, बांगड्या फोडतीन असं वाटलं नोतं. हा येईपर्यंत थांबतीन वाटलं होतं.”

गजेंद्र ताडकन उठला. गुन्हा नोंदवा, काकाला आत टाका, मी तक्रार देतो, जया पण देईल. छाया म्हणाली, नोंदवणार आहे, ते माझं काम आहे. तिनं जयाकडे पाहिलं.

जया ओसरीतून खाली आली. मोकळे हात तिनं नवऱ्यासमोर धरले. तिचा सगळा राग त्या दोन हातांत होता.

“माही तक्रार काकाबद्दल नाई,” ती म्हणाली. “अंकुशभाऊजीनं लस घेतली होती का?”

गजेंद्र इकडेतिकडे पाहू लागला.

“तुमी माह्यासमोर फोटो मोठा करून आणला होता. मी गप बसली, तेई चुकलंच माह्यं. आता त्याच मोबाइलवर खरं सांगा. तवर मी बांगड्या भरत नाई. गावाले पाहू द्या, नवरा जित्ता असून बाईचे हात असे काऊन.”

भावकीतल्या म्हाताऱ्यांनी तिला अपशकुनाचं बोलू नकोस म्हणून दटावलं. ती हलली नाही. बायकोच्या उघड्या हातांकडे सगळं गाव बघत असताना गजेंद्रला कुठं तोंड लपवायला जागा उरली नाही. त्यानं मोबाइल समोर धरला, घसा खाकरला आणि सांगितलं. अंकुशनं लस घेतली नव्हती. गाडी मीच अडवली होती. डॉक्टर खरं सांगत होते.

चौकातली पोरं एकेक करून मागे सरकली. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. छायाच्या भुवईवरची जुनी खूण कितीतरी दिवसांनी खाजली.

गजेंद्र स्क्रीनकडे बघत होता. खाली लोकांचं लिहिणं सुरू झालं होतं. डॉक्टरनं विकत घेतलं. पोलिसांच्या दबावात बोलून राह्यला. आवाज भाऊचा नाहीच. एकानं तर पुन्हा श्रद्धांजली वाहिली. गजेंद्रचा चेहरा उतरत गेला.

“बोललो मी,” तो जयाला म्हणाला. “पाह्य, कोणीच मानून राह्यलं नाई.”

जयानं केरसुणी उचलली आणि ओसरीतल्या काचा गोळा करायला वाकली.

“मंग उद्या बी बोला,” ती म्हणाली. “परवा बी. लोक मानतीन, तवा भरीन.”

बबनराव छायाच्या गाडीकडे चालू लागले. फाटकापाशी थांबून त्यांनी गर्दीत उभ्या आनंदाबाईंना समईत तेल घालायला सांगितलं.