सहाव्या पायरीनंतर

गावोगावच्या आशाताई वापरतात त्या आरोग्याच्या मोबाइल ॲपची मदतपुस्तिका मी लिहिते. वाक्यं छोटी, चित्रं मोठी, बटणाचं नाव पडद्यावर असेल तेच. छपाईआधी पुस्तिका घेऊन मी मुकुटबनजवळच्या एका गावातल्या आशाताई पंचफुलाताईंकडे जाते. त्या ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचतात. अडखळल्या की मी वाक्य बदलते.

ॲम्ब्युलन्स मागवताना रेंज नसली तरी ॲप 'निरोप गेला' असं दाखवतं, हे त्यांनीच मला सांगितलं. ॲम्ब्युलन्स मागवण्याच्या सहा पायऱ्यांखाली मी सातवी पायरी लिहिली : एवढ्यावर थांबू नका, दुसरं वाहन शोधा. कंपनीच्या साहेबांनी ती काढायला लावली. आपल्याच पुस्तिकेत आपला दोष कशाला, म्हणाले. मी एक मेल पाठवला, मग गप्प बसले.

ऑगस्टमध्ये पंचफुलाताईंच्या गावातल्या गंगीला आठव्या महिन्यात झटके आले. ताईंनी ॲपवरून ॲम्ब्युलन्स मागवली. निरोप गेला, असं दिसलं. पुस्तिकेतल्या सहाव्या पायरीप्रमाणे सगळे गाडीची वाट पाहत थांबले. गंगी दुपारी चारला गेली.

दिवाळीनंतर नवी आवृत्ती घेऊन मी ताईंकडे गेले. ओसरीत वेचलेल्या कापसाचा ढीग होता, त्याला दमट वास येत होता. ताई वाचू लागल्या.

सहावी पायरी संपली. बोट खाली सरकतच राहिलं.

"सात. गाडी आली नाही तं थांबू नका. मी थांबलती."

मी पुस्तिका ओढून घेतली. सहानंतर पान कोरं होतं.

"ताई, हे कुठं लिहिलंय?"

त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "तुमीच तं लेहलं, मॅडम."

वाटेत दुसऱ्या गावच्या आशाताई मैनाबाईंना मी तीच प्रत दिली, काही न सांगता. त्यांनीही त्याच जागी तेच वाचलं. शब्दाला शब्द.

घरी येऊन मूळ फाइल उघडली. सहा पायऱ्या. मी ती तशीच साहेबांना पाठवली.

दहा मिनिटांत त्यांचा फोन आला.

"रंजिता, सातवी पायरी काढायला सांगितली होती ना?"

मी पडद्याकडे पाहत होते. सहानंतर काहीच नव्हतं.

"सर, काढलीय."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"मग आठवीत तुझं नाव कशाला?"