आठची मालिका, सकाळच्या गाडीला

तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं: "मग सासूनं दुधात काय टाकलं होतं?"

लातूरहून मुरुडला जाणारी सकाळची एसटी. नोव्हेंबर सरत आलेला, खिडकीतून गार वारं, बाहेर तुरीला पिवळा फुलोरा. मी फोनवर माझ्या बहिणीला, सृष्टीला, आदल्या रात्रीची आठची मालिका सांगत होते. ती पुण्यात रात्रपाळी करते, त्यामुळे तिच्या वाटचं बघणं माझ्याकडे असतं. गोष्ट ऐन दुधाच्या पेल्यावर आली आणि रेंज गेली. मी फोन हलवून बघत होते, तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या माणसानं मान वळवून, अगदी पंचनामा करायला आल्यासारखी, दुधाची चौकशी केली.

मी त्याला नीट बघून घेतलं. मुरुडच्या एका पतसंस्थेत मी काउंटरवर बसते. समोरचा काय सांगतो यापेक्षा काय गिळतो, ते बघायची सवय आहे. गळ्यात शिट्टी, अंगात निळा ट्रॅकसूट, कोपराला जुनं खरचटलेलं. म्हणजे खेळाचे मास्तर. जमेला खांदे आणि पापण्या. नावे टाकायला, दुसऱ्याचा फोन चोरून ऐकणं.

"मालिका बघता तुम्ही?" मी विचारलं.

"न्हाई बघत."

"मग दुधाशी काय करायचंय?"

"आईला सांगायचं हाय." तो जरा ओशाळला. "इस्लापूरला असती. आमच्या आळीची डीपी जळाली. लाईटच न्हाई. दुसऱ्या आळीत जाऊन बघ म्हणलं तर गुडघे दुखतेत. मला म्हणली, नागसेन, तू तिकडं बघ अन् मला फोनवर सांग."

"मग बघायचं की मोबाईलवर."

"बघून राहिलो होतो. झोप लागली. आईला काय सांगावं ते कळंना. सासू कोण, सून कोण, सगळ्या एकाच वयाच्या दिसतेत."

यावर मला हसू आवरलं नाही. माणूस खरं बोलत होता.

"बुद्धप्रिया," मी म्हटलं.

"कोण, सून?"

"मी."

"हां... जय भीम," तो म्हणाला, आणि त्याचे कान शिट्टीच्या दोरीएवढे लाल झाले.

दूध निर्मळ होतं. विष चहात होतं. ते मी त्याला मुरुड येईपर्यंत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत चढले, तर खिडकीजवळच्या सीटवर शिट्टी ठेवलेली. आपल्याकडे जागा धरायला रुमाल टाकतात, टोपी टाकतात, एकदा एका बाईनं लेकरू ठेवलेलं मी पाहिलंय. शिट्टी पहिल्यांदाच पाहिली. शेजारी नागसेन सर बसलेले, नजर समोर, जसं काही शिट्टी आपल्या पायांनी तिथं गेली.

"काल काय झालं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. पण माझ्याकडे गोष्ट सुटी मिळत नाही, मतं सोबत घ्यावी लागतात. थोरली सून अबोली रंगाची साडी नेसली म्हणजे माहेरची आठवण काढते आहे. सासूनं काळी नेसली की घराचे कागद कुणाच्या तरी नावावर व्हायचे असतात. आणि नवरा 'माझा तुझ्यावर विश्वास आहे' म्हणाला, की समजायचं, आठवड्यात तो तिला घराबाहेर काढणार.

"हे आईला सांगू?"

"सगळं सांगा. रंगासकट."

गाडी धावत राहिली, दिवस जात राहिले. मालिकेवरून आमची गाडी कुठंही वळायची. एकदा कंडक्टर विरूपाक्षमामा तिकीट फाडता फाडता म्हणाले, "मॅडम, आपले पुढारी परत पक्ष बदलून बसले. त्यावर तुमचं काय मत?"

"मालिका बरी मामा," मी म्हटलं. "तिथं माणूस बदलला की खाली पाटी तरी येते, 'यापुढे ही भूमिका अमुक करतील.'"

मागच्या दोन सीटा हसल्या. नागसेन हसला नाही, बघत राहिला. तेवढ्यात खिडकीची काच खाली घसरली. त्यानं हात लांबवून ती वर ढकलली, आणि तसाच धरून बसला. काच पुढच्या थांब्यापर्यंत नीट बसली होती. हात मुरुडपर्यंत तिथंच होता.

आणखी एकदा कुणी म्हणालं, आता नळाला रोज पाणी येणार, पेपरात आलंय. मी म्हटलं, "तो प्रोमो असतो हो. प्रोमोत सून कानाखाली वाजवते. भागात नुसता हात उचलते."

"अन् क्रिकेट?" नागसेननं विचारलं. त्याला वाटलं इथं तरी मी अडखळेन.

"एकत्र कुटुंब. नवा कप्तान आला की जुना कप्तान स्लिपमध्ये उभा राहून सुनेच्या आमटीकडे सासू बघते तसा बघतो."

"कबड्डी?"

आता हा त्याचा विषय. शाळेतल्या मुलींचा कबड्डीचा संघ त्याच्याकडे. विषय माझा नव्हता, पण मालिका माझी होती.

"चढाईला गेलेली पोरगी म्हणजे सासरी आलेली सून," मी म्हटलं. "समोर सातजणी हातात हात धरून उभ्या. तिनं एकटीनं जायचं, तोंडानं एकच घोकत राहायचं, दम सोडायचा न्हाई, अन् शिवून माघारी यायचं. रेघ तिची, घर तिचं."

दोन दिवसांनी शिट्टी उचलून मला जागा देत हळूच म्हणाला, "पोरींना सांगितलं तुमचं सासर. काल... औशाच्या संघाला हरवलं."

सकाळी मी द्यायची ती गोष्ट. पण उलटंही काही यायचं, आणि खरं सांगू, मी त्याचीच वाट बघायची. त्याची आई, सरजाबाई, फोनवर काय म्हणाल्या ते तो मला सांगायचा. अंधारात आळीतल्या चार बाया फोनभोवती बसत, सरजाबाई त्यांच्यात अध्यक्ष. "आई म्हणली, त्या थोरलीला अक्कल न्हाई, चावीचा जुडगा कमरेला कशाला लावावा, उशाखाली ठेवावा." "आई म्हणली, नवऱ्याला भूक लागू द्या दोन दिवस, इश्वास आपोआप येतो."

मग एक दिवस त्यानं आईचं नावच काढलं नाही.

"काय म्हणाल्या आई?"

"काही न्हाई."

"सर, गिळू नका. मला कळतं."

त्यानं खिडकीबाहेर उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत सांगितलं, "म्हणली... नागसेन, तुला लहानपणापासून हिरवं अन् निळं कळत न्हाई. हे अबोली, मोतिया, डाळिंबी कुठून आलं? बाईमाणूस बोलून राहिलंय तुझ्या तोंडून. कोण हाय ती?"

"मग? काय सांगितलंत?"

"गाडीत भेटतेत म्हणलं."

"एवढंच?"

"हाव. एवढंच... म्हणलं."

'म्हणलं'च्या आधी तो जिथं थांबला, तिथं मालिकेवाले तीन कॅमेरे फिरवतात. मी नुसती ओढणी सारखी केली. पण त्या दिवशी काउंटरवर एका गृहस्थाला मी दुसऱ्याचंच पासबुक दिलं.

आता खरी गोम. मला पक्कं माहीत होतं की हे सगळं एका जळालेल्या डीपीवर चाललं आहे. ज्या दिवशी इस्लापूरला नवी डीपी बसेल, सरजाबाई आपला टीव्ही आपण लावतील. मग शिट्टी कशाला, सीट कशाला, आणि मी तरी कशाला? तिकडच्या बायांना अंधारात ठेवून इकडे माझा उजेड पडला होता. असं वाटणं बरं नव्हे, हे कळत होतं. तरी बातम्यांत विजेचं काही लागलं की मी आवाज वाढवायची.

संक्रांत गेली. आणि हळूहळू मला एक गोष्ट खटकायला लागली. माझ्याकडून देणं रोज चालू होतं, येणं मात्र आटलं होतं. आई काय म्हणाल्या? "बरं म्हणली." सासूचं ऐकून? "हसली." जी बाई चावीच्या जुडग्यावर पाव तास बोलते, ती मालिकेतल्या मुनीमजीच्या खुनावर नुसतं 'बरं' म्हणेल?

म्हणून एका सकाळी मी तोंड गंभीर केलं आणि सुरुवात केली.

"काल लई झालं सर. सासूनं अन् सुनेनं वाडा विकला."

"बरं."

"दोघी औशाला गेल्या. किल्ल्यासमोर भेळेचा गाडा टाकला. सून कांदा चिरते, सासू चिंचेचं पाणी घालते."

"बरं," तो म्हणाला. तो माझ्याकडेच बघत होता. पण कान माझ्या गोष्टीकडे नव्हते.

"सासरा कबड्डीत गेला."

"...बरं."

विरूपाक्षमामांनी तिकिटाचं यंत्र खाली ठेवलं. मी पण ओढणीआडचं हसू खाली ठेवलं, कारण आता पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

"सर, डीपी कधी आली?"

तो दचकला. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

"संक्रांतीच्या आधी."

"म्हणजे आई सगळं स्वतः बघतात?"

"हाव."

"मग रोज मला का बोलायला लावता?"

उत्तर यायला हवं होतं. माझ्या मनात ते तयारही होतं, त्यानं नुसतं वाचायचं होतं. पण मुरुड आलं, गाडी थांबली, माणसं उठली. तो म्हणाला, "मॅडम, मी..." आणि मागून एका आजीनं त्याच्या पाठीत पिशवी ढकलली. तो खाली उतरला, आणि मुलींची शाळा भरायची वेळ झाली होती म्हणून म्हणा, की दम सुटला म्हणून, मागं न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सीटवर शिट्टी नव्हती. एक सद्गृहस्थ बसले होते, मांडीवर कोथिंबिरीची जुडी. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मामांनी तिकीट देताना विचारलं, "आज भाग न्हाई का, मॅडम?"

"संपली मालिका," मी म्हटलं.

"अशी कशी संपली? शेवट तर दाखवलाच न्हाई."

त्या दोन दिवसांत मी रात्री आठला टीव्हीसमोर बसले, पण रंग दिसेनात. थोरलीनं काय नेसलं होतं, आजही सांगता येणार नाही. मी मलाच बोल लावला. हुशारी करून माणसाला पकडलं आणि पकडून गमावलं. कोण करतं असं? काउंटरवरची माणसं करतात. चूक सापडली की त्यांना आनंद होतो, माणूस गेला की मग कळतं.

सोमवारी गाडीत पाय ठेवला. खिडकीजवळ शिट्टी.

मी उभीच राहिले. तो उठला. दाढी वाढलेली, ट्रॅकसूटवर रात्रीच्या प्रवासाच्या सुरकुत्या.

"इस्लापूरला गेलो होतो," तो म्हणाला. "तिथून नांदेड, नांदेडहून रातच्या गाडीनं थेट हिकडं."

"कशाला?"

"आईला विचारायला."

"काय?"

गाडी सुरू झाली, मी धक्क्यानं बसले. तो बसला नाही. वरचा दांडा धरून उभा राहिला, पोरींना समजावतात तशा आवाजात, फक्त पोरींपेक्षा जास्त घाबरलेला.

"मॅडम, तुम्हीच सांगितलं. एकट्यानं जायचं, तोंडानं एकच घोकायचं. मी दोन महिने 'काल काय झालं' एवढंच घोकून राहिलो. माझा दम संपला. रेघ ओलांडून आत आलोय. आता... धरा, न्हाई तर सोडा."

पुढच्या सीटा मागं वळल्या. मागच्या पुढं सरकल्या. मामा यंत्राशी काहीतरी करायचं नाटक करत होते.

"पकड झाली तर चढाई करणारा बाद होतो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"ठाऊक हाय. बाद व्हायलाच आलो."

त्यानं खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. चालूच होता. पलीकडे कोंबडा आरवत होता, आणि एक जाडसर, ऊनऊन आवाज बोलत होता.

"ऐकू येतंय का, माय? मी सरजा."

"जय भीम, मावशी. येतंय."

"डीपी आली बघ. टीव्ही चालू हाय. पर जीव लागना. टीव्हीत साडी दिसती, ती का नेसली ते कोणी सांगत न्हाई. चार बाया रोज इचारतेत, ती सांगणारी कुठं गेली?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"ह्यो सांगायचा ना," सरजाबाई म्हणाल्या, "तवाच मला कळलं होतं. सुनेचं नाव घेताना आवाज सरळ. 'मॅडम म्हणल्या' म्हणताना आवाज वाकडा. म्हणलं, पोरगं मालिकेची गोष्ट सांगून राहिलं न्हाई." मग त्यांनी विचारलं, "तर माय, तुझ्या आईबापाला भेटायला येऊ का? गुडघे दुखतेत, पर येते. का अजून काही राहिलंय तुमच्या गोष्टीत?"

मी वर पाहिलं. नागसेन दांडा घट्ट धरून उभा, गाडी वळणावर झुकली तसा माझ्याकडे झुकला, आणि सावरला नाही. काच खाली घसरली होती, गार वारं येत होतं, तो हात लांबवायचं विसरला होता.

मालिका असती तर इथं भाग संपवला असता. दोन दिवस आम्हाला असंच उभं ठेवलं असतं, मधे साबण, मधे मसाला, आणि सोमवारी तेच परत पहिल्यापासून. माझा त्या पद्धतीला आयुष्यभर विरोध आहे.

"या, मावशी," मी म्हटलं, एकही जाहिरात न घेता. "आई-दादांना मी सांगून ठेवते. अन् येताना त्या चार बायांनाही आणा."

मामांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी घंटा वाजवली. थांबा कुठंच नव्हता. मी सीटवरची शिट्टी उचलली, स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि सरकून जागा केली.

"बसा आता," मी त्याला म्हटलं. "काल काय झालं ते सांगते."